खालचा डावा कोपरा

…नाही, मला एक सांगा, आकाश केवढं असतं? मोठं असतं की नाही? त्याच्यापेक्षा मोठं दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, कुणाकडेच नाही! मग एवढं आख्खं आकाश मी लोकांना घरबसल्या दाखवतो, ढग येतायत, ढग जातायत, सूर्य या टोकापासून त्या टोकाला घरंगळत चाललाय, आणि लोक बघतात काय? कोपरा! खालचा! डावा! काडेपेटीएवढा! अहो, ढग बघा ना, ढग!

थांबा, असं मधूनच कळायचं नाही तुम्हाला. पहिल्यापासून सांगतो. मी लिफ्टच्या कंपनीत आहे. म्हणजे लिफ्ट बनवत नाही, लिफ्ट बंद पडली की आत अडकलेला माणूस ज्याला फोन करतो ना, तो मी. दिवसभर एकच वाक्य बोलतो, ‘घाबरू नका, माणूस निघालाय.’ कोण निघालाय, कुठून निघालाय, मलाही माहीत नसतं, पण बोलतो. आणि आमचा विभाग कुठे? बेसमेंटमध्ये! खिडकी नाही, उजेड नाही, बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय ते आत येणाऱ्याच्या कपाळावरच्या घामावरून ओळखायचं. अशा माणसाला आकाशाचं वेड लागलं तर त्याचं काही चुकलं का? तुम्हीच सांगा!

आता कॅमेरा. कॅमेरा मी आकाशासाठी घेतला नव्हता हं. आमच्या दारातली खुर्ची चोरीला गेली! घडीची, निळ्या पट्ट्यांची, एका हातावर प्लॅस्टिक जळलेलं. म्हातारी झाली होती, पण आमची होती ना? बायको म्हणाली, ‘आज खुर्ची नेली, उद्या माणूस नेतील.’ मी म्हटलं, माणसाला कोण नेतंय? पण घरात तिचं चालतं. बाबा तेवढे शांत. बाबा म्हणजे माझे वडील, आमच्याकडेच असतात, आई गेल्यापासून. मोजणी खात्यातून रिटायर. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, कुणाचं कुंपण कुणाच्या हद्दीत किती घुसलंय ते सांगितलं, त्यामुळे बोलणं मोजून मापून. मी चोराच्या नावानं शिव्या घालतोय, आणि हे चहा ओतून घेत म्हणतात कसे, ‘जाऊ दे रे. कुणाच्या तरी बसण्याच्या उपयोगी पडत असेल.’ मला भरून आलं हो! म्हटलं, काय मन आहे माणसाचं!

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

तर कॅमेरा आला, दाराबाहेर लागला, ॲप मोबाइलवर आलं, आणि एक दिवस कुठेतरी अंगठा लागला आणि त्यात ते टाइमलॅप्स निघालं. म्हणजे दिवसभराचं सगळं एका मिनिटात पळवून दाखवतात. मी बघतो तर काय, दार… दार… पेपरवाला फुर्रकन… दार… मांजर… दार. मला हसावं की रडावं कळेना. पण त्याच क्षणी डोक्यात आलं, दार जर असं पळतं, तर आकाश कसं पळेल? उचलला कॅमेरा, नेला गॅलरीत, केलं तोंड वर! बायको मागून, ‘अहो! चोर काय आकाशातून येणार आहे का?’ मी म्हटलं, तू बघच.

आणि बघितलंत तर वेडे व्हाल! पहिल्या दिवशी मी जेवायचा थांबलो हो! जे ढग आपल्याला वाटतात की जागचे हलत नाहीत, ते असे उकळतात, दुधासारखे वर येतात, फुटतात, परत येतात! पन्नाशीला आलेला माणूस मी, मला पहिल्यांदा कळलं की वर एवढं सगळं चाललेलं असतं आणि आपण खाली लाइटचं बिल शोधत असतो. मग रोज सुरू. कॅमेऱ्याला वाटायचं ढग म्हणजे चोर. तो इमानदारीनं दर ढगाला माझ्या मोबाइलवर ओरडायचा, ‘हालचाल आढळली!’ ऑफिसात एक बाई लिफ्टमध्ये अडकलेली, मी फोनवर म्हणतोय, ‘घाबरू नका, माणूस निघालाय,’ आणि टेबलावर मोबाइल, ‘हालचाल आढळली! हालचाल आढळली!’ बाई किंचाळली, ‘कुठे आढळली? इथे तर काही हलत नाहीये!’ साहेबांनी बोलावून घेतलं मला. ते सोडा. एकदा काचेवर कोळ्यानं बस्तान मांडलं, तर व्हिडिओत आख्ख्या शहराच्या डोक्यावर आठ पायांचा राक्षस चालतोय! तोही मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी देवाचं नाव घेऊन खिडक्या लावून घेतल्या. लोक कोळ्यावर बोलले, ढगांवर एक अक्षर नाही. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं!

आता मुद्द्यावर येतो. माझी ताई परगावी असते. तिचं घर बैठं, मागे झाडं. तिचं सारखं फोनवर, ‘बाबांना इकडे पाठव रे, तिकडे डब्यात ठेवल्यासारखे राहतात, बोलायला कोणी नाही, कंटाळत असतील.’ मला पटलं. बाबा दुपारचा चहा झाला की रोज ‘वाचनालयात जातो’ म्हणून जायचे, दिवेलागणीला यायचे. एकटा माणूस, काय करणार, पुस्तकं वाचणार! मला वाईट वाटायचं. मी आणि ताईनं ठरवलं, या महिन्याच्या शेवटी ती येणार आणि बाबांना कायमचं घेऊन जाणार. बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, ‘बरं.’ एवढंच. दुसऱ्या दिवशी कपाटावरची बॅग काढून पुसली.

मला गलबलून आलं. म्हटलं, बाबांना काहीतरी देऊ. आपल्या गॅलरीतलं आकाश देऊ! मी काय केलं, गेल्या सगळ्या महिन्यांतलं रोजच्या संध्याकाळचं एकेक चित्र घेतलं, त्याच वेळेचं, आणि एकामागोमाग एक जोडलं. रोजची एकच संध्याकाळ, पण आकाश दर चित्राला वेगळं! केशरी, जांभळं, राखाडी, लिंबाच्या सालीसारखं! खाली पाटी टाकली, ‘आपले आकाश’. आणि बाबांना दाखवायच्या आधी… हेच ते, हेच नडलं… बाबांना दाखवायच्या आधी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. चार लोकांनी वा म्हणावं, एवढीच इच्छा हो!

तुम्हाला सांगतो, पहिला आला सेक्रेटरीचा अंगठा. मी खूश. मग तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं, ‘सुंदर!’ मी अजून खूश. मग एक आलं, ‘खाली डावीकडे बघा.’ मग, ‘अय्या!’ मग हसणारी तोंडं, एकाखाली एक, ओळच्या ओळ. मग, ‘खुर्च्या बघा खुर्च्या!’ मी लिहिलं, ‘कृपया ढगांकडे लक्ष द्यावे.’ कोण देतंय! कुणीतरी तो कोपरा मोठा केला, त्याच्याभोवती लाल गोल काढला. गोल, हो! माझ्या आकाशाला गोल! अहो, ढग बघा ना, ढग!

पण मग… मीही बघितला कोपरा.

समोरची बी विंग आमच्याहून बुटकी. तिच्या गच्चीची कड माझ्या व्हिडिओत खालून जराशी डोकावते, जाळीचा कठडा, पाण्याची टाकी, टाकीचा पाइप. तिथे दोन खुर्च्या. पहिल्या चित्रात एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये एवढी जागा की सतरंजी अंथरून चार माणसं झोपतील. पुढच्या चित्रात… तसंच. त्याच्या पुढे… जरा कमी. रोज बघाल तर कळणारसुद्धा नाही. वीतभर, चार बोटं! पण एकामागोमाग पळवलं ना, तर वर ढग धावतायत आणि खाली त्या दोन खुर्च्या सरकत सरकत सरकत… शेवटच्या चित्रात हाताला हात! खुर्च्यांच्या म्हणतोय मी! आणि दोन्हींत माणसं!

मी म्हटलं, कोण आहे बुवा हे भाग्यवान? मोठं करून बघितलं आणि माझ्या हातातला चहाचा कप बशीत आडवा झाला. कारण त्यातली एक खुर्ची निळ्या पट्ट्यांची होती. एका हातावर प्लॅस्टिक जळलेलं! अहो, आमची खुर्ची! ज्या चोराला पकडायला कॅमेरा घेतला, तो चोर कॅमेऱ्यानं रोज पकडला होता, मीच वर बघत होतो! आणि चोर कोण? डोक्यावर लोकरीची टोपी. जी टोपी मी स्वतः आणून दिली, वाचनालयात एसी जोरात असतो म्हणून!

बाबा!

धक्का म्हणजे काय असतो ते मला तेव्हा कळलं. आणि तो अर्धाच होता. कारण दुसऱ्या खुर्चीत ताठ… पाठ टेकली नाही, एकाही चित्रात टेकली नाही… अशी ताठ बसलेली बाई आख्ख्या गावात एकच आहे. कवायतीच्या बाई! बी विंगमध्ये वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. आमच्या शाळेत कवायत घ्यायच्या. मला होत्या, ताईला होत्या, सेक्रेटरीला होत्या! ‘एका हाताचं अंतर!’ म्हणून मैदानभर ओरडायच्या, आणि अंतर जरा कमी झालं की शिट्टी! मी अजून जिन्यात त्या दिसल्या की पोट आत घेतो! आणि त्याच बाई… आणि माझेच बाबा… आणि अंतर? अंतर कुठे आहे हो? शिट्टी कुठे आहे?

मी धावत स्वयंपाकघरात. ‘अगं, बघितलंस का हे?’ बायको भांडी लावत म्हणाली, ‘तो निळ्या पट्ट्यांचा कोपरा ना? बघते की रोज. कपडे वाळत घालताना दिसतात.’ दिसतात! म्हणजे हिला माहीत! ‘मग मला का नाही सांगितलंस?’ तर म्हणते, ‘तुम्ही गॅलरीत आलात की वर बघता. मी म्हटलं, बघू दे. आणि वाचनालयात कोण थर्मास घेऊन जातं हो? दोन कप घालून देते मी रोज.’ दोन कप! माझ्या डोळ्यांदेखत रोज दोन कप घरातून जात होते! आणि मी समजत होतो, एक चहाचा आणि एक… नाही, मी काहीच समजत नव्हतो. मी ढग बघत होतो.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी ओळखलं होतं. आणि सेक्रेटरीनं बी विंगच्या गच्चीला कुलूप ठोकलं! ग्रुपवर लिहिलं, ‘गच्चीचा वापर फक्त टाकीच्या देखभालीसाठी.’ माझ्या व्हिडिओमुळे! बाबा त्या दिवशी लवकर परत आले. थर्मास भरलेलाच. टेबलावर ठेवला, टोपी काढली, घडी घातली. आणि बॅग उघडून शर्ट ठेवायला लागले. तुम्हाला सांगतो, बाबा ओरडले असते ना, तर बरं झालं असतं. लाज वाटली हो मला. आईच्या मागे इतक्या वर्षांनी माणूस कुठे चार घटका बसला होता, आणि मी त्याच्यावर आख्ख्या सोसायटीचे डोळे नेऊन बसवले.

मी म्हटलं, ‘बाबा, मी ढग दाखवत होतो.’

बाबा म्हणाले, ‘दाखव बघू.’

मोबाइल दिला. चष्मा लावला, व्हिडिओ बघितला. परत बघितला. मग बोट ठेवून, थेट मोजणी खात्यातल्या आवाजात, ‘हा टाकीचा पाइप दिसतो?’ मी म्हटलं, दिसतो. ‘माझी खुर्ची पाइपाला लागून आहे. पहिल्या चित्रात. शेवटच्या चित्रात कुठे आहे?’ मी बघितलं. पाइपाला लागून! मधल्या चित्रांत? पाइपाला लागून! मी आपला मनातल्या मनात बाबांना नावं ठेवत होतो, लोकांची अतिक्रमणं काढता काढता म्हातारा स्वतःच अतिक्रमण करायला लागला, आणि बाबा तसूभर हलले नव्हते! सरकत होती ती दुसरी खुर्ची! कवायतीच्या बाई! एका हाताचं अंतर!

‘अहो मग… तुम्ही काहीच बोलला नाहीत?’

बाबांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘हरकत नोंदवली नाही.’

मी म्हटलं, ‘आणि ताईकडे जायचं म्हटल्यावर बरं का म्हणालात मग?’ तर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस. सांगितल्यावर माणूस बरं म्हणतो.’

तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी अडकलेल्या माणसांचे फोन घेतो. कुठल्या मजल्यावर आहात, दार किती उघडलंय, आत किती जण, सगळं विचारतो. आणि माझ्या घरातला माणूस… त्याला मी एकदासुद्धा विचारलं नाही हो. बॅग मी रिकामी केली. शर्ट मीच परत कपाटात लावले. वाकडे लावले, बाबांनी नंतर सरळ केले.

मग ताईला फोन. ताईला आधी कळेना. ‘कोण? कवायतीच्या बाई? अरे, त्यांनी मला बूट विसरले म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या!’ मी म्हटलं, माहितेय. ‘माझ्या पायाला फोड आले होते!’ मी म्हटलं, माहितेय. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मी सवयीनं म्हणून गेलो, ‘घाबरू नका, माणूस निघालाय.’ ताई म्हणाली, ‘माणूस नाही निघाला ना, हेच तर ऐकतेय मी.’ आणि रडली. मग नाक ओढून विचारते, ‘मग आता त्यांना म्हणायचं काय रे आपण?’ मी म्हटलं, ‘मी तर अजून बाईच म्हणणार आहे. आणि पोट आत घेऊन.’

राहिलं कुलूप. मी निघालो सेक्रेटरीकडे. जिन्यात भाषण पाठ करतोय, ‘वडीलधाऱ्या माणसांचा आदर… गच्ची सगळ्यांची…’ सेक्रेटरीनं दार उघडलं, मला आत घेतलं, नियमांची पुस्तिका काढली, म्हणाला, ‘भावना समजतात हो, पण सोसायटीची शिस्त म्हणून काही आहे की नाही?’ आणि शिस्त हा शब्द त्याच्या तोंडातून पडायला आणि दारातून शिट्टी वाजायला एकच गाठ! शिट्टी! अहो, बाईंनी अजून जपून ठेवलीय! मी भिंतीला चिकटलो. सेक्रेटरी, म्हणजे टक्कल पडलेला, पोट सुटलेला, दोन लग्नाच्या मुलींचा बाप, तो असा ताठ उभा राहिला, हात मांड्यांना! बाई म्हणाल्या, ‘किल्ली.’ बास. दुसरा शब्द नाही. त्यानं दिली. बाई वळल्या, मला वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, ‘तूच ना रे तो, रांगेत उभा राहून वर बघणारा?’ मी म्हटलं, हो बाई. म्हणाल्या, ‘अजून तसाच आहेस.’

झालं. गच्ची उघडली, थर्मास सुरू झाला, आता तर बाबा वाचनालयाचं नावसुद्धा काढत नाहीत, सरळ सांगतात, ‘समोर जातो.’ पण मी ठरवलं, आपण माणसासारखं वागायचं. कॅमेरा वर केला. चांगला वर! कोपरा नाही, गच्ची नाही, कठडा नाही, निव्वळ आकाश! आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात असे ढग आले, असे ढग आले की मी जन्मात बघितले नव्हते! थरावर थर, कडेला सोनं, मधून उजेडाचे खांब! एवढी मेहनत घेऊन व्हिडिओ जोडला, ग्रुपवर टाकला, आणि वाट बघत बसलो. म्हटलं, आता कुठे जाल? आता ढग सोडून त्यात आहेच काय?

पहिलं आलं, ‘हे काय? नुसतेच ढग?’ मग, ‘यात काहीच नाही.’ मग डॉक्टरीणबाई, ‘मागचा छान होता.’ सेक्रेटरीचा अंगठा… नाही! अंगठासुद्धा नाही! अहो, ढग बघा ना, ढग! आणि सगळ्यात शेवटी, ग्रुपवर आजवर एक अक्षर न लिहिलेल्या कवायतीच्या बाईंचं, ‘खुर्च्या दिसत नाहीत. कॅमेरा खाली घे.’

घेतला! काय करतो? पोट आत घेऊन खाली घेतला!

आणि काल ऑफिसात बसलोय, कुणीतरी अडकलंय, मी म्हणतोय घाबरू नका, आणि मोबाइल ओरडला, ‘हालचाल आढळली!’ मी म्हटलं, आला असेल ढग. उघडून बघतो तर… मला धक्का बसायची आता सवय झालीय असं वाटत होतं, तर नाही! गच्चीत दोघं नेहमीसारखे. बाईंची खुर्ची होती तिथेच, ताठ. आणि निळ्या पट्ट्यांची खुर्ची… पाइप सोडून… पाइप सोडून हो! आयुष्यात कुणाच्या हद्दीत पाऊल न टाकलेल्या माणसाची खुर्ची… चार बोटं पुढे!

मी काही बोललो नाही. संध्याकाळी घरी गेलो, बाबा थर्मास धूत होते, तरी बोललो नाही. हरकत नोंदवली नाही.

काय? ढग? काल ढग कसे होते म्हणता?

असतील हो… वर कुठेतरी!